ताळेबंद शिकवणाऱ्याचीही उमेदवारी असावी

चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी परीक्षेत कितीही चांगले गुण मिळवले तरी आर्टिकलशिप चुकत नाही. इन्स्टिट्यूटने 2023 मध्ये नवी योजना आणली तेव्हा ही मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, पण ती काढून टाकली गेली नाही. कोणाच्या तरी हाताखाली बसून व्हाउचर तपासल्याशिवाय, गोदामात उभे राहून माल मोजल्याशिवाय कोणी ताळेबंदावर सही करू नये, हे त्या व्यवसायाने पक्के धरले आहे.

तोच ताळेबंद महाविद्यालयात शिकवायला येणाऱ्या नव्या सहायक प्राध्यापकाच्या वाट्याला अशी उमेदवारी येत नाही. जूनमध्ये रुजू झाला की त्याच आठवड्यात वेळापत्रक आणि हजेरीपट हातात पडतो आणि समोर शंभराहून जास्त मुलांची तुकडी असते. लेखाशास्त्राच्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे उमेदवारीची मानावीत, त्या काळात त्याच्याकडून तास कमी घ्यावेत आणि शिकणे जास्त मागावे, अशी माझी मागणी आहे. ती महाराष्ट्रातले संस्थाचालक, प्राचार्य, विद्यापीठांची अभ्यास मंडळे आणि उच्च शिक्षण विभाग यांच्याकडे आहे. मुद्दे असे :

1. हे कोणाच्या हिताचे आहे, ते आधी सांगतो. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा गृहनिर्माण संस्थांचा, शिवाय पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, साखर कारखाने. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घेऊन हिशेब सभासदांपुढे ठेवायचे असतात. अहवाल छापला जातो, वाटला जातो, आणि कित्येक सभांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाच मिनिटांत तो विषय संपतो. सभासदांच्या मनात प्रश्न असतात, पण अहवालाचे कोणते पान उघडून काय पाहायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेची 70 टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते झाकण्यासाठी 21 हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा 1 लाख रुपये होती. ती 5 लाखांवर गेली फेब्रुवारी 2020 मध्ये. ही बनावट खाती सामान्य ठेवीदाराला ताळेबंद वाचून दिसली नसती, हे मला मान्य आहे. पण अशा बँकांच्या काउंटरमागे, कर्ज विभागात आणि तपासणीसाच्या खुर्चीत बसणारी माणसे कोणत्या तरी बीकॉमच्या वर्गातून येतात. त्या वर्गात बुडीत कर्जाची तरतूद कशासाठी करायची हे त्यांना समजले होते, की तीन गुणांची अ‍ॅडजस्टमेंट म्हणून त्यांनी ती पाठ केली होती, याच्याशी आपल्या सगळ्यांच्या ठेवी बांधलेल्या आहेत.

2. निवड होते तेव्हा नेमके काय तपासले जाते? विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट किंवा राज्याची सेट उत्तीर्ण असणे ही मुख्य अट. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीची सक्ती उरली नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. पण नेटच्या वाणिज्य विषयाचे 10 घटक आहेत आणि लेखाशास्त्र व लेखापरीक्षण मिळून त्यांतला एक घटक आहे. विपणन, बँकिंग, व्यवस्थापन, संख्याशास्त्र हे बाकीचे घटक चांगले असले की लेखाशास्त्र कच्चे असलेला उमेदवारही उत्तीर्ण होऊ शकतो. सगळी परीक्षा पर्यायी उत्तरांची. पात्र ठरलेल्या माणसाने आयुष्यात एकदाही फळ्यावर भागीदारी संस्थेचा ताळेबंद शेवटच्या बेरजेपर्यंत नेलेला नसेल, ही शक्यता खरी आहे.

म्हणून मुलाखतीत अर्धा तास फळ्यासाठी राखून ठेवावा. खरोखरीच्या विद्यार्थ्यांसमोर एक उदाहरण सोडवायला द्यावे आणि मध्येच एका विद्यार्थ्याने ‘हे नावे का टाकलं?’ असे विचारावे. उमेदवार त्याला काय उत्तर देतो ते निवड समितीने ऐकावे. बायोडेटातल्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा त्या एका उत्तरातून जास्त कळते.

3. तासांचा भार. आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते आणि एकूण काम 40 तासांचे. पंधरा वर्षे तोच विषय शिकवलेल्या माणसासाठी हे ठीक आहे. नव्याला मात्र अनेकदा चार वेगवेगळे पेपर मिळतात, कारण ज्येष्ठांनी आपापले पेपर आधीच घेतलेले असतात. मग प्रथम वर्षाला डिपार्टमेंटल अकाउंट्स, द्वितीय वर्षाला भागीदारीचे एकत्रीकरण, तृतीय वर्षाला कॉस्टिंग आणि वर एमकॉमचा एखादा पेपर, असे सगळे पहिल्याच सत्रात येते.

लेखाशास्त्राच्या एका तासाची तयारी बाहेरून दिसत नाही. वर्गात द्यायचे उदाहरण स्वतः आधी सोडवावे लागते, दोन पद्धतींनी सोडवावे लागते, मुले कुठे अडतील ते शोधावे लागते, आणि पुस्तकातले उत्तर चुकीचे आहे का हेही पाहावे लागते. बाजारातल्या पुस्तकांत चुकीची उत्तरे पुष्कळ असतात. एका तासामागे तीन तास सहज जातात. चार पेपर असले की हे होत नाही आणि नवा शिक्षक गाइडमधले सोडवलेले उदाहरण फळ्यावर उतरवू लागतो. ती सवय एकदा लागली की निवृत्तीपर्यंत सुटत नाही, हे मी अनेक स्टाफरूममध्ये पाहिले आहे.

पहिल्या वर्षी जास्तीत जास्त दोन पेपर द्यावेत, त्यांतला एक दोन तुकड्यांना, आणि प्रत्यक्ष अध्यापन 12 तासांवर थांबवावे. नॅकच्या फायली, प्रवेश समिती, परीक्षा विभागाचे वेळापत्रक ही कामे पहिले वर्षभर त्याच्याकडे सोपवू नयेत. तरुण आहे, कॉम्प्युटर येतो, म्हणून आयक्यूएसीचे सगळे एक्सेल त्याच्या गळ्यात घालण्याची रीत तर आधी बंद व्हावी.

4. इथवर मी रुजू होणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकाबद्दल बोललो. प्रत्यक्षात आज पहिल्यांदा वर्गात जाणारे पुष्कळ जण तासिका तत्त्वावरचे असतात. सीएचबी म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासण्याच्या तयारीचे नाहीत, मुलांच्या शंका सोडवण्यासाठी थांबलात त्याचे नाहीत. नेमणूक एका वर्षापुरती असते, त्यातही महिने कमी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. अनुदानित पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढत गेले, त्या दोन्हींमधली जागा या तरुणांनी भरून काढली आहे. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी खासगी क्लासमध्ये असा दिवस असलेल्या शिक्षकाकडून नव्या कायद्याचा अभ्यास कोणत्या तोंडाने मागायचा?

2018 च्या त्याच विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असे स्पष्ट लिहिले होते. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने जो नवा मसुदा जाहीर केला, त्यात ही मर्यादाच गाळली होती. पाळली न जाणारी मर्यादाही कागदावर असणे महत्त्वाचे असते. तिच्या आधारावर न्यायालयात जाता येते, विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. ती मर्यादा राहावी आणि पाळली जावी. तोवर निदान सलग तीन वर्षांची नेमणूक आणि बारा महिन्यांचे ठरावीक मानधन, एवढे तरी राज्याने द्यावे. आयोगाने 2019 मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये मानधन सुचवले होते. सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातले मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. एकाच विषयाचा एकाच इमारतीत तास घेणाऱ्या दोन माणसांच्या कमाईत केवढे अंतर आहे, ते या आकड्यांशी आपल्या महाविद्यालयातला सीएचबीचा दर ताडून पाहिला की कळते.

5. मार्गदर्शक ज्येष्ठ. आयोगाचा ‘गुरु-दक्षता’ नावाचा महिनाभराचा कार्यक्रम नव्या शिक्षकांसाठी आहे आणि तो उपयोगी आहे. पण तो सर्व विषयांसाठी एकच आहे, त्यामुळे एकत्रीकरणाचे उदाहरण कोणत्या टोकाने उलगडायचे हे तिथे कळणार नाही. ते आपल्याच विभागातल्या ज्येष्ठाकडून शिकायचे असते. पहिल्या सत्रात नव्याने आठवड्यातून दोन तास ज्येष्ठाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे आणि दुसऱ्या सत्रात ज्येष्ठाने नव्याच्या वर्गात बसावे. या तासांची नोंद दोघांच्याही कार्यभारात व्हावी. नाहीतर ती कृपा ठरते, आणि कृपेवर चाललेली व्यवस्था माणूस बदलला की बंद पडते.

याहून अधिक गरज आहे ती उत्तरपत्रिका एकत्र बसून तपासण्याची. विद्यार्थ्याने घसारा चुकीचा काढला आणि पुढचे सगळे त्या चुकीच्या आकड्यावर बरोबर केले, तर ताळेबंद जुळतो पण उत्तर वेगळे येते. गुण किती द्यायचे? दुसऱ्याने ताळेबंद जुळत नाही म्हणून शेवटी एक आकडा घुसवून दोन्ही बाजू समान केल्या आहेत. त्याला किती? अनुभवी परीक्षक वर्किंग नोट्स पाहतो, पहिल्या मुलाला जवळजवळ पूर्ण गुण देतो आणि दुसऱ्याचा घुसवलेला आकडा गोल करून ठेवतो. नवा माणूस घाईत असला की शेवटची बेरीज पाहतो, आणि त्याच्या हातून पहिला मुलगा मार खातो, दुसरा सुटतो. ‘बेरीज जुळली की झाले’ हा धडा त्या मुलाला तिथेच मिळतो. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकन पुरेशा तयारीशिवाय आणले, निकाल रखडले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या वेळी चर्चा सर्व्हर आणि स्कॅनिंगची झाली. परीक्षकाला तपासायला कोण शिकवतो, ही चर्चा तेव्हा झाली नाही आणि अजूनही झालेली नाही.

6. आता वर्गात काय शिकवायचे, याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण उमेदवारीचा सगळा उपयोग इथे आहे.

कन्साइनमेंट अकाउंट्स हा धडा घ्या. पुस्तकात मुंबईचा एक व्यापारी कोलकात्याच्या एजंटाला शंभर पेट्या पाठवतो. मुले विचारतात, असा व्यापार आता कोण करतो? नव्या शिक्षकाकडे उत्तर नसते आणि ‘परीक्षेला येतं, करून टाका’ असे तो म्हणून जातो. हा धडा अभ्यासक्रमातून काढावा असे म्हणणारे माझे मित्र आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण त्याच वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी अडत्याची पट्टी येते. शेतकरी वाशीच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो पाठवतो. माल विकला जाईपर्यंत मालकी शेतकऱ्याचीच असते, अडत्या त्याच्या वतीने विकतो. पट्टीवर एकूण विक्री असते आणि तिच्यातून गाडीभाडे, हमाली, आधी घेतलेली उचल वजा होऊन हाती येणारी रक्कम असते. पुस्तकातले अकाउंट सेल्स म्हणजे हाच कागद. कोथिंबीर वाटेत सुकून वजन घटले तर ते नेहमीचे नुकसान, त्याची किंमत उरलेल्या मालावर पसरते. घाटात गाडी उलटली तर ते असाधारण नुकसान, ते वेगळे काढून नफा-तोटा खात्याला न्यायचे. हे एकदा पट्टीवर बोट ठेवून दाखवले की निम्मा वर्ग पुस्तक उघडण्याआधीच उदाहरण मांडू लागतो. अर्थात पट्टीवरचे नाव आणि फोन नंबर झाकूनच ती वर्गात न्यावी.

ट्रॅक्टर कर्जावर घेतला आहे अशी मुले वर्गात असतात. हप्त्यातले व्याज किती, मुद्दल किती, ट्रॅक्टरचा घसारा कुठे जातो, याचा हिशेब त्यांच्या वडिलांना हवा असतो. हायर पर्चेसचा धडा तिथून सुरू करता येतो. शहरातल्या मुलांसाठी गृहनिर्माण संस्थेचा अहवाल आहे. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के वर्गणी घ्यायची असते. हा निधी ताळेबंदात देण्याच्या बाजूला दिसतो. मग तेवढे पैसे दुसऱ्या बाजूला ठेव म्हणून आहेत का, की रोजच्या खर्चात वापरले गेले? एकोणीस वर्षांच्या मुलीने घरी जाऊन आईवडिलांना हा प्रश्न विचारला की पुढच्या सप्टेंबरच्या सभेत तो प्रश्न उभा राहतो.

बँक ताळमेळ पत्रकाचेही तसेच. अकरावीपासून मुले ते करतात. न वठलेले धनादेश मिळवा, बँकेने परस्पर वजा केलेले शुल्क वजा करा, उत्तर आले. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी कबुलीपत्र लिहिले, त्यात ताळेबंदातली रोख व बँक शिल्लक सुमारे 5,040 कोटी रुपयांनी फुगवलेली असल्याचे म्हटले होते. बँकेचे म्हणून समोर आलेले पत्रक खरोखरच बँकेकडून आले आहे का, हे विचारणे हा ताळमेळाचाच भाग आहे. तो भाग आपण शिकवत नाही, कारण त्याला गुण नाहीत. तरुण शिक्षकाने तो एका तासात शिकवावा आणि त्या तासासाठी त्याला अभ्यासक्रमात जागा असावी.

आणि मुंबईत शिकवत असाल, तर महापालिकेचा अर्थसंकल्प आहेच. 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा आहे आणि कोणालाही वाचता येतो. महसुली आणि भांडवली खर्च यांतला फरक शिकवायला याहून मोठे उदाहरण शोधायची गरज नाही. फुटपाथ दुरुस्त केला तर कुठे लिहायचे आणि सागरी मार्ग बांधला तर कुठे, यावर वर्ग तासभर भांडतो.

7. कायदे बदलतात आणि शिक्षक मागे पडतो. 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा. त्यात 536 कलमे, सगळी नव्या क्रमांकांची, आणि मागील वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीच्या जागी एकच कर वर्ष. जीएसटीचे दर 22 सप्टेंबर 2025 पासून बदलले आणि बहुतेक वस्तू 5 व 18 टक्क्यांत आल्या. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम आहे. कोणती नोंद कधी बदलली हे आता पुसता येत नाही. हा शेवटचा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि बीकॉमच्या फार थोड्या वर्गांत त्याचा उल्लेख होत असावा. प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने दर मे महिन्यात तीन दिवसांची कार्यशाळा घ्यावी, सीए इन्स्टिट्यूटच्या स्थानिक शाखेला सोबत घ्यावे, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना प्रवासखर्चासह बोलवावे.

8. पहिल्या तीन उन्हाळी सुट्ट्यांत प्रत्येकी चार आठवडे नव्या शिक्षकाने खऱ्या वह्यांजवळ काढावेत. सीएचे कार्यालय, नगरपालिकेचा लेखा विभाग, तालुक्याची पतसंस्था, साखर कारखान्याचा हिशेब विभाग, जिथे सोय होईल तिथे. एखाद्या पतसंस्थेत मार्चअखेरच्या नोंदी पूर्ण होताना पाहिल्या की तेरीज का जुळत नाही, व्याज कधी येणे धरायचे आणि कधी धरायचे नाही, व्यवस्थापकावर संचालकांचा दबाव कसा येतो, हे सगळे कळते. यातला दबावाचा भाग पुस्तकात नसतो. पदोन्नतीसाठी जो उजळणी पाठ्यक्रम लागतो, त्याच्या बरोबरीने हे चार आठवडे धरावेत. ज्यांना सहकाराकडे जायचे आहे त्यांनी राज्याच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा द्यावी आणि महाविद्यालयाने तिची फी भरावी.

मार्च 2021 मध्ये आयोगाने सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या अर्हता पदव्युत्तर पदवीसमान मानल्या, 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मात्र व्यवसायातला माणूस आठवड्यातून एकदा येऊन जातो. रोज वर्गात उभा राहणारा वेगळा असतो, आणि त्यालाच व्यवसायाची ओळख व्हायला हवी.

9. राज्यातली हजारो मुले लेखाशास्त्राची उत्तरे मराठीत लिहितात. बारावीपर्यंत त्यांच्याकडे मंडळाचे चांगले मराठी पुस्तक असते, पदवीला गेले की गाइड. अभ्यास मंडळांनी नव्या शिक्षकांकडून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, एकेक प्रकरण लिहून घ्यावे आणि त्याचे मानधन द्यावे. लिहिताना शिक्षकाचाही विषय पक्का होतो.

10. संशोधन. नेट झालेल्या पण पीएचडी नसलेल्या शिक्षकाला पुढच्या टप्प्यावर जायला सहा वर्षे लागतात, पीएचडी असलेल्याला चार. मग पहिल्याच वर्षी विषय शोधण्याची घाई होते, आणि त्यातून प्रश्नावली वाटून ‘ग्राहकांचे समाधान’ मोजणारे प्रबंध तयार होतात. नियतकालिकांची केअर यादी 2019 मध्ये आली, 2025 मध्ये गेली. पैसे घेऊन निबंध छापणारे तेवढ्यात थांबले असे मात्र दिसत नाही. आपल्या अवतीभवती अभ्यासायला काय कमी आहे? साखर कारखान्यांचे पन्नास-पन्नास वर्षांचे छापील अहवाल ग्रंथालयांत आणि कारखान्यांच्या कपाटांत पडून आहेत. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला 1950 मध्ये. तेव्हापासून ताळेबंद कसा बदलत गेला, ठेवी कुठून आल्या, तोटा किती वर्षे कसा पुढे ओढला, यावर एका तरुण शिक्षकाने दहा वर्षे काढली तर उभ्या राज्याला उपयोगी पडेल असे काही हाती येईल. पहिली तीन वर्षे शोधनिबंधांची मोजणी करू नये. तेवढ्या काळात त्याला वाचू द्यावे आणि चांगला प्रश्न शोधू द्यावा.

11. यात नव्या सहकाऱ्यांची म्हणून एक जबाबदारी आहे, आणि ती मी त्यांनाच सांगतो. मुले वर्गात येत नाहीत, सगळी क्लासला जातात, तिसऱ्या वर्षाची अर्धी मुले आर्टिकलशिपमध्ये असतात, हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळेल आणि ते खरे आहे. पण क्लासमध्ये प्रश्नाचे उत्तर मिळते. वर्गात प्रश्नामागचा व्यवहार मिळू शकतो, आणि तो फक्त तुम्हीच देऊ शकता. तीस मुले आली तरी तास पूर्ण घ्या. आपण सोडवलेले प्रत्येक उदाहरण एका वहीत ठेवा, मुले कुठे अडली ते समासात लिहा. आपल्याला येत नाही ते उद्या सांगतो म्हणा आणि उद्या सांगा. विभागप्रमुखांना ‘हा तिसरा पेपर मला या वर्षी नको’ हे पहिल्याच बैठकीत नम्रपणे, कारणासह, लेखी सांगा. तासिका तत्त्वावर असाल तर हे एकट्याने म्हणणे कठीण आहे, म्हणून प्राध्यापक संघटनांनी ते तुमच्या वतीने म्हटले पाहिजे. त्यांनी आजवर वेतनासाठी मोठे लढे दिले. नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षासाठी आता द्यावा.

12. पैसे कुठून आणायचे, असे विचारले जाईल. एका नव्या शिक्षकाचे आठवड्याचे चार तास कमी केले, तर ते चार तास कोणाला तरी घ्यावे लागतील आणि त्याचा खर्च येईल. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांनी तो त्या अभ्यासक्रमांच्या फीतून करावा; बीकॉम अकाउंटिंग अँड फायनान्सच्या तुकड्या भरतात त्या लेखाशास्त्राच्या नावावर. अनुदानित पदांसाठी शासनाने रिक्त जागा भराव्यात, म्हणजे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल. राष्ट्रीय शिक्षण धोरणाची नवी रचना 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही आली आहे, श्रेयांकांची फेरमांडणी झाली आहे, ऑन-जॉब ट्रेनिंग विद्यार्थ्यांना सक्तीचे झाले आहे. विद्यार्थ्याला पतसंस्थेत किंवा सीएच्या कार्यालयात पाठवायचे तर त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षकाने ते कार्यालय आतून पाहिलेले असायला हवे. आठव्या मुद्द्यातले चार आठवडे त्या कामाचाच भाग धरता येतात, त्यासाठी वेगळा शासननिर्णय लागत नाही.

पुढच्या वर्षाचे वेळापत्रक एप्रिल-मेमध्ये ठरते. प्राचार्यांनी ते सहीसाठी पुढे येईल तेव्हा नव्या शिक्षकाच्या नावापुढे किती पेपर आहेत तेवढे मोजावे, आणि दोनपेक्षा जास्त असतील तर ते विभागाकडे परत पाठवावे.